समुपदेशकांचं ऐकायचं कोणी? नव्या पर्यवेक्षिकेच्या तीन प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या शाळांत सात वर्षं समुपदेशक म्हणून काम केलेल्या एका ताईंवर यंदा नऊ समुपदेशकांची जबाबदारी आली आहे. काल ज्यांच्याबरोबर बसून डबा खाल्ला, त्यांच्याच कामावर आज देखरेख करायची. त्या विचारतात: ही देखरेख नेमकी करायची कशी? मुख्याध्यापकांनी मुलाची फाइल मागितली तर काय सांगायचं? आणि कामाचा हिशेब वर द्यायचा तो कशात मोजून?

ताई, मी या कामात २२ वर्षं आहे, त्यातली शेवटची ९ देखरेखीची. तुमचा पहिला प्रश्न सगळ्यांत मोठा, म्हणून त्यावर जास्त लिहिते. बाकीचे दोन त्याच्याच पोटातले आहेत.

पर्यवेक्षक या एका शब्दात दोन कामं कोंबलेली आहेत. एक कार्यालयाचं: हजेरी, रजा, कोण कुठल्या वारी कुठल्या शाळेत, महिन्याचा रिपोर्ट. दुसरं त्या बंद खोलीतलं: समुपदेशक मुलाशी काय बोलली, तिच्या काय ध्यानात आलं, काय निसटलं, आणि ऐकलेलं सगळं घेऊन ती घरी कशी गेली. अमेरिकेतली शाळा-मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ही दोन कामं वेगळी धरते. पहिलं शाळेचा प्रशासक करू शकतो, दुसरं त्याच विषयात मुरलेल्या माणसानं करायचं. आपल्याकडे दोन्ही एकीच्याच गळ्यात पडतात आणि पहिलं दुसऱ्याला खाऊन टाकतं. हजेरीपत्रक पोचलं नाही तर दोन दिवसांत फोन येतो. केसवर बोलणं झालं नाही तर कुणाचाच फोन येत नाही.

शिवाय जिच्या शेऱ्यावर पुढच्या वर्षीची नेमणूक अवलंबून, तिच्यासमोर स्वतःची चूक उघडी करायला कोण धजेल? मी पर्यवेक्षक झाले त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त यशाच्या गोष्टी येत होत्या. मूल रडत आलं, तीन वेळा बोललो, आता हसतं. मला वाटलं, मुली छान काम करताहेत. मग एकीनं मध्येच नोकरी सोडली. जाताना एवढंच म्हणाली, "बाई, मला चार महिने झोप नव्हती." तिच्या एका शाळेतल्या मुलानं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. मूल वाचलं, बरंही झालं. पण ही पोर चार महिने एकटीच ते ओझं वाहत होती आणि दर महिन्याला माझ्याकडे वेळेवर रिपोर्ट पाठवत होती. रिपोर्टात त्याला रकाना नव्हता.

तेव्हापासून मी दोन्ही कामांचे दिवस वेगळे केले, वह्याही वेगळ्या केल्या. रजा, वेळापत्रक, कागद यांचं बोलणं महिन्याच्या पहिल्या शनिवारी. केसचं बोलणं पंधरवड्यातून एकदा, प्रत्येकीशी एकटीशी, पुरता तासभर, आणि त्या तासात हजेरीचा शब्द काढायचा नाही. केसच्या वहीतलं काहीही वार्षिक शेऱ्यात जाणार नाही, हे मी त्यांना लिहून दिलं आणि पाळलं. पाळलेलं दिसायला वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा एकजण म्हणाली, "बाई, मी त्या मुलीला भलतंच बोलून बसले." तिथून माझी खरी देखरेख सुरू झाली. नऊजणींना पंधरवड्यात नऊ तास लागतात. हे तास कुणी आपणहून देणार नाही, तुम्हालाच वेळापत्रकात आधी मांडून ठेवावे लागतील.

या तासात विचारायचं काय? "केस कशी चालली आहे?" असं विचारू नका, त्याला "बरी" हेच उत्तर मिळतं. दहा ओळी लिहून आणायला सांगा, मूल काय म्हणालं आणि तू काय म्हणालीस, जसंच्या तसं, मूल कोंकणीत बोललं तर कोंकणीत. एकदा वाळपईकडच्या एका शाळेतली आठवीतली मुलगी. अभ्यासात हुशार, अचानक मागे पडलेली. टिपणात मुलीचं वाक्य होतं, "पपा आतां घराच आसता." त्यावर समुपदेशकानं म्हटलं होतं, "अरे वा, मग अभ्यासाला मदत होत असेल!" आणि पुढच्या आठ ओळी वेळापत्रक कसं करावं यावर. मी त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि गप्प बसले. अर्ध्या मिनिटात तिच्या डोळ्यांत पाणी. साल २०१८ होतं. फेब्रुवारीत गोव्यातल्या खाणींवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, मार्चच्या मध्यापासून खाणी बंद. बापाचा ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते थांबलेले, आणि संध्याकाळी बाटली. मुलीनं दार उघडलं होतं, आपण तिला अभ्यासाचं टाइमटेबल दिलं. समुपदेशक सत्तरीतलीच होती, तिच्या वाड्यावरही तीच परिस्थिती होती. कदाचित म्हणूनच ते वाक्य तिला ऐकू आलं नाही. हे रिपोर्टातून कधीच कळलं नसतं.

असं जवळून ऐकण्याची रीत गोव्याला नवी नाही. संगात ही मानसिक आरोग्यावरची संस्था १९९६ पासून इथं काम करते. तिच्या एका मोठ्या प्रयोगात गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्य आणि दारूच्या सवयीवर समुपदेशन करायला बसवलं. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या कामात हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकींचं रेकॉर्डिंग गटात बसून ऐकत, ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देत आणि मग चर्चा करत. शाळेतल्या मुलांचं रेकॉर्डिंग करा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे ते सांभाळायची सोय नाही. पण दहा ओळींचं टिपण गटात वाचता येतं. महिन्यातून एकदा नऊजणींना एकत्र बसवा, नाव-गाव काढून दोन टिपणं वाचा, आणि पहिलं टिपण तुमचं स्वतःचं असू द्या, त्यातही फसलेलं. "कालच्या मैत्रिणी" या तुमच्या अडचणीवर माझ्याकडे हाच एक उपाय आहे. त्यांना तुमची खुर्ची वर गेलेली दिसते. तुमचा हात अजून त्याच चिखलात आहे, हेही दिसू द्या. पण एक पथ्य पाळा. एखादीशी पूर्वीसारखं घरचं बोलणं चालू ठेवाल तर ते बाकीच्या आठजणींना कळतंच. मी माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीच्या केसेस दुसऱ्या तालुक्यातल्या पर्यवेक्षिकेकडे दिल्या. ती दुखावली. पण ते करणं भागच होतं.

आता गोव्यातच जास्त भेटणारी एक चूक. गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत शिकतं, घरी कोंकणी बोलतं, आणि पाचवीला हायस्कूलमध्ये गेलं की एकदम इंग्रजी. दिवाळीपर्यंत शिक्षकांची यादी येते: लक्ष नाही, वाचता येत नाही, लिहीत नाही, एलडी (अध्ययन अक्षमता) असेल. एका समुपदेशकानं अशी सात मुलं तपासणीसाठी पाठवायला काढली होती. मी तिला म्हटलं, फॉर्म राहू दे, आधी चौथीचं बालभारती आण. एकेका मुलाला बोलावलं. पहिल्या मुलानं पुस्तक हातात घेतलं, मान वर केली, "मराठी वाचूं?" असं विचारलं आणि धडा घडाघडा वाचून काढला, थांबवावं लागलं. सातांतली पाच अशीच निघाली. त्यांची अडचण इंग्रजीची होती, डोक्याची नव्हती. त्यांना हवी होती इंग्रजीची जादा शिकवणी आणि वर्षभराची सबुरी. उरलेल्या दोघांना मराठीतही जोडाक्षर उमगत नव्हतं, "क्त" आला की दोघंही अडत होती. त्यांची तपासणी खरोखर व्हायला हवी होती. आणि यादीत नसलेली एक मुलगी शेवटच्या बाकावर होती, फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून काढणारी. तिला एकाही भाषेत एकही ओळ वाचता येत नव्हती. वही नीटनेटकी, म्हणून कुणाला शंका आली नाही. नऊजणींना हे एकदा शिकवा: कुठल्याही चाचणीआधी मूल ज्या भाषेत पहिल्यांदा वाचायला शिकलं, त्या भाषेत त्याला वाचायला लावून बघा. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. मुलाला त्याच्या भाषेत मोजावं हे तेव्हाही उमगलेलं होतं.

चाचण्यांबद्दल आणखी थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आणि प्रमाणपत्राला किंमत आली. त्याचा फायदा कितीतरी मुलांना झाला, मी स्वतः त्यासाठी पालकांबरोबर फिरले आहे. पण दहावीच्या वर्षी एकदम धावपळ सुरू होते आणि समुपदेशकाचे दोन महिने प्रमाणपत्रांच्या कागदांत जातात. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानं अपंग मुलांना सरकारी शाळेत शिक्षणाचा हक्क मिळाला आणि शाळा-मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याला वर्षानुवर्षं पात्रता ठरवणाऱ्या चाचण्याच जास्त आल्या. तिथली माणसं आजही त्यातून मोकळी व्हायला धडपडताहेत. तुम्ही सातवी-आठवीतच मुलं हेरायला लावा, म्हणजे दहावीला घाई होणार नाही. निदान आणि प्रमाणपत्र हे समुपदेशकाचं काम नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एम.ए. झालेल्या मुलीनं उत्साहात रिपोर्टावर बुद्ध्यंक लिहून सही केली तर ती अडचणीत येते, आणि मुलालाही तो कागद उपयोगी पडत नाही.

तीन गोष्टींसाठी मात्र पंधरवड्याची वाट बघायची नाही, त्याच क्षणी तुम्हाला फोन: मूल जीव द्यायचं बोलतंय, मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आहे, मूल घरातून पळून जायच्या बेतात आहे. फोन आला की "रिपोर्ट पाठव" म्हणू नका. शक्य असेल तर गाडी काढून जा. जीव देण्याचं बोलणाऱ्या मुलाला एकटं सोडायचं नाही, सरळ शब्दांत विचारायचं (विचारल्यानं विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे), त्याच दिवशी पालकांना बोलवायचं आणि घरातली औषधं, बागायतीतली फवारणीची बाटली कुलपात ठेवायला सांगायचं. हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे, बाटल्या पडवीतच असतात. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत दुसऱ्या दिवशी मूल पोचलं का, हे फोन करून बघायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पालकांच्या मोबाइलमध्ये तिथंच बसून घालून द्यायचा, तो रात्रीही चालतो. मुलांची हेल्पलाइन १०९८.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा पर्याय ठेवत नाही. कळलं की पोलिसांना कळवायचं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हाताखालच्या माणसाच्या बाबतीतली तक्रार संस्थाप्रमुखानं दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव जाईल, आपण आत मिटवू" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. अशा वेळी तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीला मुख्याध्यापकांच्या खोलीत एकटी पाठवू नका, तुम्ही शेजारी बसा. आणि तिला आधीच शिकवून ठेवा: मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत टिपून ठेवायचे, "कुणाला सांगणार नाही" असं वचन सुरुवातीलाच द्यायचं नाही.

इथून तुमचा दुसरा प्रश्न येतो, फाइलचा. ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. मुख्याध्यापकांनी फाइल मागितली, माणूस सज्जन, मुलीच्या काळजीपोटीच मागितली, मी दिली. आठ दिवसांनी एका शिक्षिकेनं भर वर्गात त्या मुलीला म्हटलं, "तुझ्या घरात काय चाललंय ते आम्हाला माहीत आहे, उगाच रडू नको." ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. त्या वर्गातली एकही मुलगी त्या वर्षी माझ्याकडे आली नाही. मी रोज खोली उघडून बसत होते.

म्हणून दोन वह्या. एक शाळेत राहते, तिच्यात तारीख, इयत्ता, किती वेळ, पुढची भेट, नाव नाही, नंबर. दुसरी कुलपात, तिची किल्ली समुपदेशकाकडे. मुख्याध्यापकांना नुसता नकार देऊ नका, त्यांना खरोखर काहीतरी हवं असतं. तीन गोष्टी जरूर सांगा: मूल भेटतंय, शाळेनं त्याच्यासाठी काय करावं (पहिल्या बाकावर बसवा, वर्गात उभं करून वाचायला लावू नका), आणि आज जिवाला धोका आहे की नाही. धोका असेल तर त्यापुरतं सगळं सांगायचं, हे मुलालाही पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं. बाकी "का" हे मुलाचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा हक्कच आहे, पण कायदा दाखवून बोलणं सुरू केलंत तर पुढचं वर्षभर चहाही मिळणार नाही. हे बोलणं वर्षाच्या सुरुवातीला, कुठलीच केस नसताना, सगळ्या मुख्याध्यापकांना भेटून करून घ्या. त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी मिटवा. शिक्षक रजेवर असला की समुपदेशकाला त्या वर्गावर पाठवायचं नाही. आणि "मस्ती केलीस तर समुपदेशकाकडे पाठवीन" ही धमकी बंद. हे समुपदेशकाला स्वतःला सांगता येत नाही. ते तुम्हीच सांगायला हवं.

हिशेबाचं आता. "महिन्यात किती मुलं पाहिली" हा आकडा तुमच्याकडे मागितला जाईल, तो द्या, पण त्यावर विसंबू नका. मला एकदा एका दिवसात अठरा मुलं पाहिल्याचा रिपोर्ट आला. शाळा पावणेआठ ते दीड, प्रार्थना आणि मधली सुट्टी सोडली तर जेमतेम पाच तास. म्हणजे मुलामागे सोळा-सतरा मिनिटं, त्यात वर्गातून बोलावणं आणि परत पाठवणंही आलं. दीड वाजता बालरथ (शाळेची बस) सुटतो, त्यानंतर मूल थांबू शकत नाही. ही आकडेवारी खोटी नव्हती, पण तिच्यात समुपदेशन नव्हतं. मी चार गोष्टी बघते: किती मुलं कुणी न पाठवता आपणहून आली, किती दुसऱ्यांदा आली, किती शिक्षक स्वतःहून विचारायला आले, आणि बांबोळीला पाठवलेल्यांतली किती खरोखर पोचली. शेवटचा आकडा बघितलात तर हादराल. सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीला जायचं म्हणजे आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, पणजीला कदंबची बस बदलायची, वर तिथं कुठल्या खिडकीवर जायचं ते माहीत नाही. चिठ्ठी देऊन काम संपत नाही. आदल्या संध्याकाळी एक फोन, कुठली बस, कुठली ओपीडी, कागद कोणते, एवढं केलं की पोचणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढते.

वर मनुष्यबळ मागताना मात्र मोठे आकडे हाताशी ठेवा. अमेरिकी संघटना ५०० मुलांमागे एक शाळा-मानसशास्त्रज्ञ असावा म्हणते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा प्रकरणात सांगितलं की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेमुळे आपल्याकडे शाळांना समुपदेशक माहीत तरी आहे, ही मोठी जमेची बाजू. पण एकेकीकडे तीन-चार शाळा असतील तोवर वार पक्के ठेवा. बुधवारची शाळा म्हणजे बुधवारचीच. सभा, शिबिर, सर्वेक्षण यासाठी बुधवार हलवला तर मंगळवारपासून मनात वाक्य जुळवत बसलेलं मूल रिकाम्या खोलीला बघून परत जातं, आणि पुढच्या बुधवारी येईलच असं नाही. गणेश चवथीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात कुणालाही दुसऱ्या कामाला लावू नका, लांब सुट्टीत घर टाळता येत नाही अशी मुलं त्याच आठवड्यात येतात.

आता तुमची पहिली फेरी. फायली मागू नका, रजिस्टरही नको. प्रत्येकीची एक अशा नऊ शाळांत जा आणि समुपदेशकाच्या खोलीत मुलाच्या खुर्चीवर बसा. बहुतेक ठिकाणी ती क्रीडासाहित्याची खोली असेल, कोपऱ्यात मॅट आणि स्टंप. त्या खुर्चीवरून दार दिसतं का? दारातून जाणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसतो का? शेजारच्या स्टाफरूममधलं बोलणं इकडे ऐकू येतं का? येत असेल तर इकडचंही तिकडे जातं. माझ्या एका समुपदेशकाची खुर्ची मी फक्त भिंतीकडून खिडकीकडे फिरवली होती, आणि खिडकीला घरचा जुना पडदा लावला होता. मग तिला म्हणा, आता तू इथं बस, मी तुझ्या खुर्चीवर बसते, आणि या आठवड्यातली तुला सगळ्यांत जड गेलेली गोष्ट सांग.